कुणी पडलं-बिडलं का?

एमडीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी डोक्याला मार लागलेली माणसं मोजत होते. प्रबंधाचा विषय गाईडनी दिलेला: 'ग्रामीण लोकसंख्येतील डोक्याच्या इजांचे प्रमाण'. आमची शाखा पीएसएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, कागदोपत्री 'कम्युनिटी मेडिसिन'. सर्जरीला गेलेल्या एका मित्राच्या मते आम्ही म्हणजे स्टेथोस्कोप लावलेले तलाठी. घरोघर हिंडायचं आणि शिरगणती करायची. माझ्या बाबतीत तर अगदी शब्दशः शिरगणती.

पहिले काही महिने मी गावात गेलेच नाही. अपघात विभागातली जुनी एमएलसी रजिस्टरं, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या मेडिकोलीगल केसेसची, काढून बसले. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, काही पानांवर बेटाडिनचे डाग. प्रत्येक नोंदीला वेळ, नाव, गाव, कुणी आणलं, काय झालं, पोलीस चौकीला किती वाजता कळवलं. 'मोटरसायकल घसरून', 'ट्रॉलीला मागून धडकून', 'भांडणात काठीने'. आणि पुढे जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघांनी १९७४ मध्ये आखून दिलेली ही मोजपट्टी जगभर चालते. डोळे उघडतो का, बोलतो काय, हातपाय कसे हलवतो, यावर ३ ते १५ गुण. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर, नऊ ते बारा मध्यम, तेरा ते पंधरा सौम्य.

अशी पानामागून पानं वाचत गेलं की डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहतो. पंचविशी-तिशीचा पुरुष, दुचाकी, दिवेलागणीनंतरची वेळ, हेल्मेट नाही, तोंडाला वास. गळीत हंगाम सुरू झाला की त्यात उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अंधारात मागून येणाऱ्याला ती ट्रॉली दिसते तोवर ब्रेक लावायला जागा उरलेली नसते.

हा रजिस्टरातला माणूस खोटा नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. हेल्मेट नव्हतं म्हणून नोंद झालेले दुचाकीवरचे मृत्यू देशभरात ५०,०२९. हेल्मेटनं डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे कधीचेच छापून आलेत. तरी आमच्याकडे हेल्मेट आरशाला अडकवून फिरायची चीज आहे, चौकात पोलीस दिसला की डोक्यावर चढते.

पण रजिस्टर हे दवाखान्याच्या दारातून आत आलेल्यांचं. जे आलेच नाहीत त्यांचं काय, हा माझा प्रश्न होता. आमच्या क्षेत्रात यासाठी जो आकडा सगळे वापरतात तो बंगळूरचा, तिथल्या निमहान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेतल्या डॉ. गुरुराज यांच्या कामातला: दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण १५० जणांना मेंदूची इजा आणि २० मृत्यू. साठ टक्के वाहतुकीमुळे, वीस-पंचवीस टक्के पडून, दहा टक्के मारहाणीत. दुसरा आकडा थेट न्यूझीलंडचा. हॅमिल्टन शहर आणि भोवतालचा वायकाटोचा ग्रामीण भाग, मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती. तिथल्या संशोधकांनी २०१०-११ मध्ये वर्षभर नुसत्या हॉस्पिटलांवर न थांबता फॅमिली डॉक्टर, खेळांचे क्लब, जिथे म्हणून माणूस डोकं आपटून जाऊ शकतो तिथे तिथे चौकशी केली. आकडा आला लाखाला ७९०. त्यातले ९५ टक्के सौम्य. शिवाय मध्यम आणि गंभीर इजा शहरापेक्षा खेड्यात दुपटीहून जास्त.

न्यूझीलंडची माणसं रग्बी खेळतात हे मान्य, पण आपल्या पाचपट डोकी काही आपटत नसतील. ती फक्त मोजली जातात. मी निवडलेलं गाव कृष्णाकाठचं, चार हजार वस्तीचं. बंगळूरच्या हिशेबानं तिथे वर्षाला सहा माणसं सापडायला हवीत आणि वायकाटोच्या हिशेबानं तीसच्या वर. सहा की तीस, एवढं बघायला मी निघाले होते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

फेब्रुवारीची सुरुवात होती. कॉलेजच्या जीपनं मला आणि एका इंटर्नला ग्रामपंचायतीसमोर सोडलं. आशाताई आधीच येऊन थांबल्या होत्या, गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत कुटुंबांची वही. हजार वस्तीमागे एक आशा असा नियम असल्यानं गावात चौघी होत्या. त्यातल्या ह्या सगळ्यात जुन्या. कोणत्या घरात कोण बाळंत झालंय, कुणाची शुगर वाढलीय, कुठल्या घरातलं कुत्रं चावतं, सगळं तोंडपाठ.

पहिली गल्ली फुकट गेली. मी प्रश्नावली काढायची, संमतिपत्रावर सही घ्यायची आणि विचारायची, "गेल्या वर्षभरात तुमच्या घरात कुणाच्या डोक्याला मार लागला आहे का?" दारातली बाई पदर सावरून म्हणायची, "न्हाय ओ मॅडम, देवाच्या दयेनं काय न्हाय." पुढचं घर, तेच उत्तर. इंटर्न खुशीत, फॉर्म भराभर संपत होते. मला मात्र धडधडायला लागलं. चार हजारांच्या गावात शून्य घेऊन गेले असते तर गाईडनी मलाच तपासायला घेतलं असतं.

कोपऱ्यावर आल्यावर आशाताई म्हणाल्या, "मॅडम, तुमी असं इचारल्यावर कोण सांगंल? डोक्याला मार म्हंजे त्यास्नी वाटतं कवटीच फुटाय पायजे. सणावर इचारा. मी इचारू का?"

आणि त्यांनी पुढच्या दारात सुरू केलं. "काकी, जत्रंत कोण पडलं-बिडलं हुतं का ओ तुमच्यात? पावसाच्या आधी पत्रं शेकारताना? गणपतीत? दिवाळीला गाडीवरनं?"

काकींनी क्षणभर वर बघितलं. "अगं, गणपतीत न्हाय का, आमचा बारका..."

स्थानिक घटनांचं कॅलेंडर करून विचारावं, म्हणजे आठवण नेमकी होते, हे आमच्या पुस्तकात असतं. परीक्षेत मी त्यावर टीपही लिहिली होती. आशाताईंनी ते पुस्तक उघडलेलंही नव्हतं, पण त्यांचं कॅलेंडर तयार होतं: यात्रा, पेरणी, गणपती, दिवाळी, तोड. आम्ही उलट फिरलो आणि पहिली गल्ली पुन्हा सुरुवातीपासून केली.

मग मात्र आवरेना. कबड्डी खेळणारा एक पोरगा, अकरावीतला. पकड झाली, चार जण अंगावर, कुणाचा तरी गुडघा कानशिलाला बसला. उठला, पुढची रेड टाकली, गुणही आणला आणि मग बाहेर बसून दर दोन मिनिटांनी विचारायला लागला, "स्कोर काय झाला?" पोरं अजून त्याला 'स्कोर काय झाला' म्हणूनच हाक मारतात. त्याला स्वतःला त्या सामन्याचा उत्तरार्ध आठवत नाही. माझ्या फॉर्मवर हा सरळसरळ बसतो: मार लागल्यावर गोंधळणं आणि मधला काळ पुसला जाणं. घरच्यांच्या लेखी तो एक विनोद.

एका नव्या स्लॅबच्या घरात चार वर्षांची मुलगी गच्चीवरून पडलेली. गावात अशी घरं हल्ली गल्लीगणिक आहेत. वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया सोडून ठेवायच्या, पैसे साठले की बांधायचं, तोवर गच्चीला कठडा नाही. त्या गच्चीवरच कुरडया वाळतात आणि तिथेच पोरं खेळतात. मुलगी वाळूच्या ढिगावर पडली म्हणून वाचली. गोठ्यात म्हशीनं ढुशी दिलेली एक आजी. चिंचेवरून पडलेला एक. यातलं कुणीही एमएलसी रजिस्टरात सापडलं नसतं.

एका घरात तरण्या बाईच्या भुवईवर जुना व्रण होता. "पडले," ती म्हणाली. नवरा दारात उभा होता. कुठे पडलीस विचारल्यावर तिनं न्हाणी म्हटलं, त्यानं त्याच वेळी पायरी म्हटलं. फॉर्मवर कारणांचे चौकोन असतात: वाहन, पडणे, मारहाण, इतर. मी इंटर्नला तो रकाना मोकळा सोडायला सांगितला. असं नवऱ्यासमोर विचारायचं नसतं, एकटीला गाठायचं असतं. आशाताईंनी माझ्याकडे न बघताच, लसीकरणाच्या दिवशी पोराला घेऊन अंगणवाडीत ये म्हणून तिला बजावलं. पुढचं त्यांनी बघितलं आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाराच्या सुमाराला आम्ही मळ्याकडच्या वस्तीवर पोचलो. सोप्यात खुर्चीवर एक आजोबा बसलेले, पंचाहत्तरीचे. डोळे अर्धे मिटलेले. सून म्हणाली, संक्रांतीच्या आधी न्हाणीत पाय घसरला होता. टेंगूळ आलं, हळद लावली. शुद्ध गेली नाही, उलटी नाही, काही नाही. इंटर्ननं नियमाप्रमाणे 'नाही'वर खूण केली आणि तो बरोबर होता. नुसतं टेंगूळ मोजायचं नाही, हे आम्हीच ठरवलेलं. नाहीतर गावातलं प्रत्येक पोर यादीत आलं असतं.

निघताना आजोबा पाणी प्यायला उठले. चार पावलं टाकली आणि उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली. त्यांना पत्ताच नाही. तसेच एक पाय अनवाणी टाकत माठापर्यंत गेले.

मी त्यांना खाली बसवलं. दोन्ही हात पुढे करा, तळवे वर, डोळे मिटा. डावा हात जागेवर राहिला, उजवा हळूहळू खाली यायला लागला आणि तळवा आत वळला. सुनेला विचारलं, अलीकडे काय बदललंय? "वय झालं ओ. दिसभर झोपूनच असत्यात. परवा मला थोरल्या जावंच्या नावानं हाक मारली." हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवलेली, रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या रोज.

उतारवयात मेंदू थोडा आकसतो. मेंदू आणि त्यावरचं आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. जरा धक्का बसला तरी एखादी तुटते आणि रक्त झिरपत राहतं, थेंबाथेंबानं, काही आठवडे. पडल्याचं घरातले विसरून गेलेले असतात तेव्हा लक्षणं सुरू होतात, आणि ती नेमकी म्हातारपणासारखी दिसतात. सीटी केल्याशिवाय खात्री नाही. मी म्हटलं, आजच मिरजेला न्यायला हवं.

मुलगा उसाच्या फडातून घाईघाईनं आला होता, हातात तोडीची चिठ्ठी. ती देणारा कारखान्याचा माणूस म्हणजे चिटबॉय. "मॅडम, वीस दिस झालं चिटबॉयच्या मागं फिरतोय. आज तोड आलीय. टोळी फडात उभी हाय. आज न्हाय जमायचं, उद्या नेतो."

उद्या, यात त्याचा काहीच निष्काळजीपणा नव्हता हे मला आजही वाटतं. ऊस वाळत उभा आहे, वजन दिवसागणिक घटतंय, टोळी एकदा दुसऱ्याच्या फडात गेली की परत कधी येईल त्याचा भरवसा नाही. वर्षाचं उत्पन्न त्या एका दिवसावर. आणि बाप तर समोर बसून पाणी पितोय, त्याला झालंय काय? मी माझ्या परीनं रक्तस्राव, दाब, बेशुद्धी असं सांगत होते. त्यानं 'होय होय' म्हणत चिठ्ठी खिशात घातली.

आशाताई मध्ये पडल्या. "तू कशाला जातोस? तुझी तोड तू बघ. सुमनला धाड. माझ्या भावकीतल्या पोराची गाडी हाय, डिझेलचं तेवढं दे." सुनेचं नाव इथे बदललंय. तिनं कुणाच्या उत्तराची वाट न बघता आजोबांची गोळ्यांची पिशवी आणि आधार कार्ड काढलं. पंधरा मिनिटांत गाडी निघाली. मुलगा फडाकडे गेला.

संध्याकाळी तिचाच फोन आला. डाव्या बाजूला साठलेलं जुनं रक्त, मेंदू बाजूला ढकललेला. गोळ्या थांबवून, रक्ताच्या तपासण्या करून दोन दिवसांनी कवटीला दोन छिद्रं पाडून ते काढलं. आठवड्याभरानं आजोबा घरी आले ते स्वतः चालत, आणि कारखान्यानं यंदा काय दर दिला हे विचारत. माझ्या फॉर्मवरची 'नाही'ची खूण तेवढी खोडावी लागली. व्याख्या नीट वाचली तर सीटीत रक्त दिसलं की माणूस मोजायचाच असतो, शुद्ध गेलेली असो वा नसो. फक्त सीटी करायला त्याला आधी कुणीतरी न्यावं लागतं.

त्या दिवशी दुपारी आशाताईंच्या घरी भाकरी, डांगर आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. इंटर्ननं फॉर्म मोजले. सहाचा आकडा मागे पडला होता आणि गाव निम्मंसुद्धा झालं नव्हतं.

जेवून शाळेच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावर एक गतिरोधक आहे, त्याची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी शाळा सुटल्यावर एका मुलाला भरधाव जीपनं उडवलं. गावानं रास्ता रोको केला आणि त्याच रात्री गतिरोधक झाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि तीन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद, गोलसर असावा, ताशी पंचवीसच्या वेगानं गाडी अलगद वरून जाईल असा. हा वीतभर उंच आणि जेमतेम दीड हात रुंद. रंग नाही, आधी पाटी नाही. शाळेपुढे पोरांचे अपघात त्यानं खरोखर थांबवले, हेही सांगायला हवं.

त्याच्यापासून तिसरं घर. पन्नाशीच्या काकू, सून आणि नातू. आशाताईंनी 'दिवाळी' म्हणताच सून म्हणाली, "आत्या पडल्या हुत्या की, भाऊबीजंला."

मुलाच्या मोटरसायकलवर मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर फराळाचा डबा. अशा बसलेल्या बाईला धरायला काही नसतं. एक हात डब्यावर, दुसरा मुलाच्या खांद्यावर. गाडी त्या गतिरोधकावरून उडाली आणि काकू मागे, डोक्याच्या मागच्या बाजूवर. कायद्यानं हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९. २०२२ च्या त्या पन्नास हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. पण भाऊबीजेला काठापदराची साडी आणि अंबाडा घालून निघालेल्या बाईच्या डोक्यावर हेल्मेट मी आजवर पाहिलेलं नाही.

"काय आठवतं?" मी विचारलं.

"घरातनं कुलूप लावून निगालो ते. मग एकदम डाक्टरच्यातला पंखा." मधलं काही नाही. मुलानं नंतर सांगितलं होतं की रस्त्याकडेला बसून त्या सारख्या विचारत होत्या, "डबा कुठाय? डबा कुठाय?" डबा त्यांच्या हातातच होता. गावातल्या डॉक्टरांनी टाके घातले, इंजेक्शन दिलं, आणि संध्याकाळी काकूंनी पट्टी बांधलेल्या डोक्यानं भावाला ओवाळलं. तेही त्यांना नीटसं आठवत नाही, पण फोटो आहे.

पुढचा प्रश्न, त्यानंतर काही त्रास? काकू म्हणाल्या, काय न्हाय. सून मात्र आतून म्हणाली, "न्हाय कसं? सांगा की. दूध उतू जाऊन करपलं तरी पत्त्या नस्तो. आमटीला मीठ-तिखट बरोबर, पण चवच न्हाय. परवा कुजलेला कांदा घातला भाजीत." आवाजात चेष्टा होती, थोडा कंटाळाही होता. "लक्षच नस्तं हल्ली आत्यांचं."

काकू गप्प झाल्या.

मी म्हटलं, स्वयंपाकघरात बसूया. मसाल्याचा डबा काढून घेतला. काकूंनी डोळे मिटले, एक नाकपुडी दाबली. लवंग ठेचून धरली. "कायतरी हाय?" त्यांनी अंदाज केला. कशाचा वास? माहीत नाही. हिंग. काही नाही. वेलदोडा, जिरं, मग दुसरी नाकपुडी, कॉफीची पुडी. काही नाही. सून हसायची थांबली होती. कोनाड्यात व्हिक्सची डबी होती, ती धरली. काकू एकदम खूश. "ह्यो येतो! व्हिक्स. मला वास येतो की."

तिथेच सगळी गफलत होत होती. व्हिक्स, निलगिरी, मिरचीची फोडणी, ठेचलेला कांदा, हे नाकाला झोंबतात. झोंबणं कळवणारी नस वेगळी असते आणि काकूंची ती शाबूत होती. जिभेला तिखट, मीठ, आंबट, गोड कळत होतं. म्हणून आमटी 'बरोबर' लागायची. वास वाहून नेणारे तंतू मात्र नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून वर मेंदूत जातात. डोकं मागे आपटलं की मेंदू कवटीच्या आत पुढे सरकतो आणि ते केसासारखे तंतू त्या चाळणीच्या काठावर तुटतात. सर्दीत नाक चोंदतं तसं हे नाही. नाक मोकळंच असतं, वर निरोप जायचा थांबतो.

हे मी त्यांना आणि सुनेला दोघींना सांगितलं, शक्य तितक्या सोप्या भाषेत. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी मला पुन्हा विचारलं, "म्हंजे ह्ये पडल्यामुळं झालं?"

"हो."

"म्हंजे मी येंधळी झालेली न्हाय?"

"नाही."

काकू सुनेकडे वळल्या. "आयकलंस?"

सून काहीच बोलली नाही. उठून तिनं गॅसची शेगडी बघितली, बटणं बंद होती, तरी रेग्युलेटर फिरवून बंद केला. त्या क्षणी माझ्याही डोक्यात तेच आलं होतं. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, आणि हे घर पहाटे पाचला काकू एकट्या उठून शेगडी पेटवणारं. तेवढं मी बजावून आले: रात्री रेग्युलेटर बंद, सकाळची पहिली काडी दुसऱ्या कुणीतरी ओढायची.

रात्री गाईडना फोन केला. सरांनी आजोबांचं ऐकून शाबासकी दिली. काकूंचं ऐकून म्हणाले, वास हा आपल्या उद्दिष्टांत नाही, रिमार्क्समध्ये लिही. सरांचं चुकलं असं नाही. प्रबंधाला कुंपण लागतं. पण माझ्या फॉर्मवर काकूंच्या नावापुढे 'सौम्य' अशी खूण होती आणि मोजपट्टीप्रमाणे ती बरोबर होती. दवाखान्यातल्या रजिस्टरात 'सौम्य' याचा अर्थ आज जीव जाणार नाही एवढाच असतो. तीन महिने एक बाई स्वतःच्या घरात वेंधळी ठरत होती, हे त्या रजिस्टरात कुठल्या रकान्यात येणार? लाखाला ७९० मधले ९५ टक्के म्हणजे अशीच माणसं. त्यातली बरीच पूर्ण बरी होतात, हे खरं. सगळी होत नाहीत. मी दोन प्रश्न वाढवले, एक वासाचा आणि एक 'घरचे म्हणतात का की हा आधीसारखा राहिला नाही'. बदललेल्या प्रश्नावलीला एथिक्स कमिटीची मंजुरी घेण्यात महिना गेला आणि सरांनी कटकट न करता सही केली.

ईएनटीतल्या मैत्रिणीनं वासाचा व्यायाम सांगितला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, दिवसातून दोनदा, एकेक वास थोडा वेळ मन लावून घ्यायचा, निदान बारा आठवडे. काहींना पहिल्या वर्षभरात थोडाफार परत येतो, काहींना कधीच नाही. आशाताईंनी चार जुन्या औषधांच्या बाटल्या धुऊन संच करून दिला. मधूनमधून मी फोन करायची. निलगिरी अर्थातच पहिल्या दिवसापासून 'येतो'. गुलाब आणि लिंबू काही नाही. लवंगेबद्दल काकूंचं म्हणणं, कधी वाटतं येतोय, कधी वाटतं मनाचेच खेळ.

गतिरोधकाबद्दल मी ग्रामपंचायतीला मानकाच्या मापांसह लेखी दिलं. सरपंचबाईंनी अर्ज पूर्ण वाचला. म्हणाल्या, "मॅडम, कमी केला तर शाळेपुढं परत पोरं मरतील. त्ये पोरगं माझ्या नणंदंचं हुतं." मी म्हटलं, कमी करू नका, रुंद करा, चढ पसरट होईल, वेग तेवढाच कमी होईल. बांधकाम खात्याकडे पाठवते म्हणाल्या. दिवाळीच्या आधी पांढरे पट्टे मारून मिळाले आणि अलीकडे-पलीकडे एकेक पाटी लागली. उंची तेवढीच आहे.